चाळीस पिक्सेलचा चौकोन

“माझ्या स्क्रीनवर एकच ओळ होती हो, दादा. दुसरी दिसली असती तर मी ते इंजेक्शन भरलं असतं का?”

सिस्टर आमच्या खोलीच्या दारातच उभी होती. पेनिसिलिन न चालणाऱ्या बाईला तिनं तेच टोचलं आणि बाई तासाभरात गेली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र बाईच्या नोंदीतल्या सूचनांच्या दोन्ही ओळी स्वच्छ दिसत होत्या. झालं, सिस्टर खोटारडी ठरली आणि तिला घरी बसवलं.

आम्ही ज्याला फूटपट्टी म्हणायचो त्या आमच्या प्रोग्रामरनं चहा तसाच टाकला आणि वॉर्डाकडे निघाला. मी मागोमाग.

हॉस्पिटलचा सगळा प्रोग्राम याच्याच हातचा, बावीस वर्षांपूर्वी लिहिलेला. खरं तर पडद्यावरच्या कुठल्या चौकोनाला किती जागा लागते ते प्रोग्राममधला लेआउट मॅनेजर नावाचा भाग आपोआप बघून घेतो; मजकूर वाढला की चौकोनही वाढवतो. पण याचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. एखादा चौकोन शेजारच्यापेक्षा जरा उंच झाला की याला जेवण जायचं नाही. म्हणून प्रत्येकाची कमीत कमी उंची चाळीस पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चाळीस ठिपके, जास्तीत जास्तही चाळीसच. वर पडद्याला खरोखरची फूटपट्टी लावून बघायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर त्यानं त्या बाईची नोंद उघडली. सूचनांच्या चौकोनात एकच ओळ होती: ‘मधुमेह आहे.’

मागच्याच महिन्यात या सिस्टरनं अक्षरं बारीक दिसतात म्हणून गळ घातली होती, आणि त्यानं मोठ्या हौसेनं वॉर्डातली अक्षरं मोठी करून दिली होती. अक्षरं वाढली. चाळीस तसेच राहिले. दुसरी ओळ कडेखाली गाडली गेली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आत्ताच्या आत्ता नीट करून टाक,” मी हळूच म्हणालो. “उद्या चौकशी समिती येतेय. कुणाच्या बापाला कळायचं नाही.”

“आणि सिस्टरचं काय?”

मी नजर दुसरीकडे वळवली. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्यानं सिस्टरला खुर्चीवर बसवलं. “ताई, तुम्हीच उघडा.” तिनं नोंद उघडली. एकच ओळ. मग तो स्वतः बसला, चाळीसचे आकडे काढून टाकले आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. चौकोन आपणहून खाली वाढला, शेजारचे खालीवर झाले. आतून दुसरी ओळ बाहेर आली.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “यांची नाही.”

सिस्टरनं ओंजळीत तोंड लपवलं. गेलेल्या बाईचा नवरा भिंतीशी बसला होता. त्यानं विचारलं, “किती वेळ लागला हो तुम्हाला याला?”

“दोन मिनिटं.”

“मग आधीच का नाही केलंत?”

फूटपट्टीला थाप मारता आली असती. अशा अवघड शब्दांत, की समितीनं नुसत्या माना डोलावल्या असत्या.

“सगळे चौकोन एका रेषेत दिसावेत म्हणून,” तो म्हणाला.

नवरा उठला, चष्मा पुसून पडद्याजवळ आला आणि बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागला, “पेनिसिलिन... देऊ... नये.”