कोपरापासून नमस्कार

नमस्कार. तोही कोपरापासून! रागावू नका. ज्याचं तोंड पुन्हा पाहायची इच्छा नसते त्याला तुम्ही कोपरापासून नमस्कार करता, हे मला ठाऊक आहे. पण मला उभ्या जन्मात दुसरा नमस्कार मिळालाच नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी असलेला नळ बोलतोय मी. मला हाताने शिवायचं नाही, कोपरानं दांडी ढकलायची, असा इथला नियम आहे.

कारखान्यात माझ्या बरोबरीचे नळ मला हसायचे. त्यांना गोल, सुबक चाव्या आणि मला ही वीतभर दांडी! ‘लांबनाक्या’ म्हणायचे मला. ते कुणाच्या स्वयंपाकघरात गेले, कुणी बागेत गेले. मी इथं आलो आणि माझं नाक चांगलंच वर झालं. मोठे डॉक्टर असोत की फरशी पुसणाऱ्या मावशी, आधी माझ्यासमोर वाकायचं, मगच काचेच्या पेट्यांतल्या बाळांजवळ जायचं.

हात धुण्यावरून माणूस ओळखावा. कुणी मांजरासारखं पाण्याला नुसतं शिवतं. कुणी बोटाबोटांतून चोळून छान हात धुतं आणि त्याच हातानं खिशातला फोन काढतं. अशा वेळी वाटतं, थोडं पाणी याच्या शर्टावर उडवावं. एकदोनदा उडवलंही आहे.

माझी शेजारीण म्हणजे भिंतीवरची साबणाची बाटली. मला तिचा हेवा वाटायचा. माझं पाणी कधीकधी जायचं, पण ती कधी रिकामी झालेली मी पाहिली नाही.

अशातच लवंगी आली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, तळहातावर मावेल एवढी पोर, पण आवाज असा की नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी तिला लवंगी मिरची ठरवलं. तिची आई माझ्यापाशी हात धुताना आतलं रडणं ऐकायची आणि हसायची. “ऐकलंत? माझीच भांडतेय,” असं शेजारी उभा असेल त्याला सांगायची.

एके सकाळी आई हात धूत होती आणि आतून काहीच ऐकू आलं नाही. लवंगी गप्प झाली होती. दूध पचत नव्हतं, अंग गार पडलं होतं. रक्त तपासलं तर त्यात जंतू निघाले. पलीकडच्या पेटीतल्या बाळाच्या रक्तातही तेच.

“औषध बदला की,” लवंगीचे वडील बाळांच्या डॉक्टरांना म्हणाले.

“बदललं. हे जंतू दाद देत नाहीत.” डॉक्टर माझ्यापाशीच उभे होते, हात ओलेच होते. “आमचंही चुकलंय. ‘असू दे, दिलेलं बरं’ म्हणत गरज नसलेल्यांनाही भारी औषधं देत आलो. जंतूंची शिकवणी आम्हीच घेतली म्हणा ना. आता एकच औषध उरलंय. किडनीला जड आहे, पण त्याला हे जंतू अजून भितात. ते सुरू करतोय.”

आईनं पुन्हा हात धुतले. आधीच धुतलेले होते, तरी.

मग प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई आल्या. जंतू येतात कुठून, हे शोधायचं होतं. कापसाच्या काड्या घेऊन त्यांनी पेट्या, नळ्या, दारांच्या मुठी सगळं पुसून नमुने घेतले. मग माझ्या तोंडात काडी घातली. “मला या नळाचा संशय येतोय. काढून टाकावा लागेल,” त्या म्हणाल्या. नळ गळतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी माझं अवसान गळालं.

तेवढ्यात लवंगीची आई आली, साबण घेतला, चोळला, पुन्हा घेतला. “याला हल्ली फेसच येत नाही,” ती पुटपुटली.

“बाटली संपत आली की थोडं पाणी घालतो आम्ही,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “वरून नवा साबण ओततो.”

“मीही घरी तेच करते,” आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई वळल्या. “आणि बाटली धुता कधी?”

“अहो, संपतच नाही, तर धुवायची कधी?”

बोलून गेल्यावर सिस्टरांचा चेहरा उतरला. बाटली तेव्हाच भिंतीवरून उतरवली गेली. तपासणीत मी निर्दोष सुटलो. लवंगीच्या रक्तातले जंतू त्या पाणचट साबणात सुखानं नांदत होते. प्रत्येक जण हात स्वच्छ करायला यायचा आणि जंतू घेऊन आत जायचा!

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “घरच्यासारखी काटकसर केली हो मी.”

“सगळीच घरं करतात. पण ओल्या बाटलीत जंतूंना माहेर मिळतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता ते माहेर मोडलं.”

खरंच मोडलं. आता छोट्या, बंद बाटल्या येतात. संपली की फेकायची, पाण्याचा थेंब घालायचा नाही. राखण स्वतः सिस्टर करतात, आणि त्यांच्या तावडीतून मोठे डॉक्टरही सुटत नाहीत. त्यानंतर एकाही नव्या बाळाला ते जंतू शिवले नाहीत. त्या जड औषधानं पलीकडच्या पेटीतलं बाळ दूध पिऊ लागलं.

आणि लवंगी? एका दुपारी आई माझ्यापाशी वाकली होती, हातांवर भरघोस फेस होता, आणि आतून आवाज फुटला. आधी चिरका, मग खणखणीत. आई तशीच फेसाळ हातांनी उभी राहिली. “भांडतेय!” ती ओरडली. “माझी भांडतेय!” मावशी हसल्या, सिस्टर रडल्या, आणि मी घळाघळा वाहत राहिलो. मला बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

घरी जायच्या दिवशी आई लवंगीला घेऊन माझ्यापाशी आली. आपल्या कोपरानं दांडी हळूच ढकलली आणि लेकीच्या कानाशी म्हणाली, “कर बाई, यांना कोपरापासून नमस्कार कर. पुन्हा इथं यायचं नाही, कळलं?”

तुमच्यात हा अपमान असेल. इथं यापेक्षा मोठा मान नाही. जा पोरी, खुशाल जा, आणि माझं तोंड पुन्हा पाहू नकोस.