तप्पूहाची शीव

तप्पूहाच्या वेशीपर्यंत पोचता पोचता गमलीचे गुडघे बोलायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस, तरी शिवेचं भांडण उठलं की मनश्शे वंशाचे लोक त्यालाच उठवून आणत. वंशावंशांत जमिनीची वाटणी झाली तेव्हा ही शीव पायी चालून खुणेचे धोंडे रोवणारे दोघंच होते: मनश्शेकडून गमली आणि एफ्राईमकडून अहीराम. अहीराम गेल्या हिवाळ्यात वारला. उरला हा एकटा.

वेशीत दोन्हीकडचे वडीलधारे बसले होते. गाव एफ्राईमचं, पण भिंतीबाहेर पाऊल टाकलं की खालचा सगळा उतार मनश्शेचा. त्या उतारावर मनश्शेच्या यख्लेलनं तीस वर्षं खपून दगडी बांधांच्या ताली घातल्या होत्या, जैतुनाची झाडं वाढवली होती. आणि गावातली सिब्या नावाची विधवा म्हणत होती, उतार आमचा.

"माझा सासरा मरेस्तोवर सांगायचा," ती म्हणाली, "वाटणीची चिठ्ठी निघाली तेव्हा आमची हद्द काना ओढ्यापर्यंत ठरली होती. मग धोंडा आमच्या भिंतीला कसा येऊन चिकटला? त्याला काय पाय फुटले?"

"तुझ्या सासऱ्याला ऊन लागलं असेल," यख्लेल म्हणाला. "विचार की काकांना. त्यांनीच रोवलाय."

सगळे गमलीकडे बघायला लागले. दर खेपेला तो एकच वाक्य बोलायचा: धोंडा आहे तिथं शीव आहे. तेवढं म्हटलं की लोक उठत, कुणीतरी भाकरी आणि दही पुढं करी, आणि तो घरची वाट धरी. आजही ते वाक्य तोंडाशी आलं. पण ते पुन्हा एकदा उच्चारायचंच त्याच्या जिवावर आलं.

"ओढ्यापर्यंतच ठरलं होतं," तो म्हणाला.

"काय म्हणालात, काका?" यख्लेलनं विचारलं.

"चालायला लागून अकरावा दिवस होता. माझ्या टाचा फुटलेल्या, अहीरामला ताप. वरून ओढा दिसत होता. पण उतरायचं म्हणजे परत चढायचं. अहीराम म्हणाला, रानच तर आहे, कोण बघतंय? मी म्हणालो, रोव इथंच. कुणाची लाच नाही खाल्ली. दमलो होतो, बस्स."

यख्लेल ताडकन उठला. "हे तुम्हाला आज सुचलं? माझा बाप त्या उतारातल्या गुहेत पुरलाय!"

"सुचायचं दर वेळी, बाबा. बोलणं आज झालं."

वडीलधारे बाजूला जाऊन कुजबुजले. परत आले तेव्हा बोलला तो एफ्राईमचाच म्हातारा, सिब्याच्याच भावकीतला. "एक धोंडा हलवला की सगळे हलतील. उद्या हे मनश्शेचे आमच्या विहिरी मागतील. गाव आमचं, उतार त्यांचा. आहे तसं राहू द्या."

"म्हणजे मी खरी ठरले आणि हरलेसुद्धा," सिब्या म्हणाली.

गमली भिंतीच्या सावलीला टेकला. बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सिब्यानं पाणी आणून दिलं.

"शिव्या घाल मला," तो म्हणाला.

"शिव्यांनाही अंगात जोर लागतो, दादा." ती जवळच खाली बसली. "घरात सगळे सासऱ्याला चळलेला म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. तोंडावर."

यख्लेल वर्षभर गमलीशी बोलला नाही. पण जैतून झोडपायचे दिवस आले तेव्हा भिंतीलगतच्या दोन तालींवर त्यानं काठी चालवली नाही, आणि सिब्या टोपल्या घेऊन गेली तेव्हा तो पाठ फिरवून उभा राहिला. शेकेमच्या बाजारात कुणीतरी ही बातमी गमलीला सांगितली.

"दोनच?" त्यानं विचारलं, आणि टेकायला कुठं जागा मिळते का ते बघू लागला.