वकील आणि आत्याबाई

रोज अकरा वाजता प्राणिसंग्रहालयातले प्राणीरक्षक काका लोकांना दोन पिंजऱ्यांसमोर उभं करत आणि आपलं ठरलेलं भाषण ठोकत. एका पिंजऱ्यात कॅपुचिन माकड, त्याचं नाव वकील. शेजारच्यात दोन बोटांची स्लॉथ, दिवसभर फांदीला उलटा लटकणारा संथ प्राणी, ती आत्याबाई. तिच्या पोटाला दोन महिन्यांचं पिल्लू.

"दोघं एकाच जंगलातले बरं का," काका म्हणत. "वकीलसाहेब दगडाने अक्रोड फोडतात, कडी काढतात, माझा चष्मा दोनदा लांबवलाय त्यांनी. आणि आमच्या आत्याबाई आठवड्यातून एकदा खाली उतरतात, तेही शी करायला."

हमखास हशा पिके. वकिलावर काकांचा भारी जीव. आत्याबाईंच्या रोजच्या नोंदीच्या तक्त्यावर मात्र ते येता-जाता 'लटकलेली, ठीक' लिहून मोकळे होत.

परवा सकाळपासून वकील मधल्या जाळीला चिकटून किंचाळत होता. काकांनी त्याचे लाड केले, जास्तीचे अक्रोड दिले, दातसुद्धा तपासून घेतले.

आजही हशा पिकला. "कालपासून आत्याबाईंनी कूस बदललेली नाही," असा नेहमीचा विनोद करत काकांनी वर पाहिलं. आत्याबाईंच्या उघड्या डोळ्यावरून एक माशी चालत गेली. पापणी लवली नाही.

काकांनी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लोक अजून हसतच होते.

डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि शिडी चढल्या. पिल्लू जिवंत होतं, आईच्या केसांना गच्च धरून.

"मेल्यावरही यांच्या नख्या सुटत नाहीत. तुम्हीच शिकवलं होतंत मला, काका," त्या म्हणाल्या. "हिला खाताना शेवटचं कधी पाहिलंत? पिल्लू किती वेळ उपाशी आहे त्यावर दूध ठरेल. तक्त्यात तर आज सकाळीही ठीक लिहिलंय."

काकांनी तक्ता चाळला. वकिलाने काल किती अक्रोड खाल्ले ते त्यांना तोंडपाठ होतं. इथे मात्र काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"तक्ता खोटा आहे," ते म्हणाले. "मी बघितलंच नाही. माकडाने बघितलं. ते परवा सकाळपासून ओरडतंय. तेव्हापासून धरा."

 डॉक्टरीणबाईंनी पिल्लासाठी दुधाने भरलेली सिरिंज अर्ध्याहून जास्त रिकामी केली.

"इतक्या उपाशी पोटी एवढं एकदम पाजलं असतं," त्या हळूच म्हणाल्या, "तर हेही गेलं असतं."