पासष्टच्या पुढे शून्य

गिरीशच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर तो तक्ता झळकला आणि शुभाताईंच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. वयोगट पासष्टच्या पुढे, श्रोते शून्य. चौदा वर्षं दर शनिवारी सकाळी नऊ वाजता ज्यांच्यासाठी त्या माइकसमोर बसत आल्या, ती सगळी माणसं या गृहस्थाने एका आकड्यात पुसून टाकली होती, आणि वर विचारत होता, ताई, अजून पोहे घालू का?

झालं होतं असं. अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या छोट्या कम्युनिटी रेडिओ स्टेशनने मराठी मंडळाला पत्र पाठवलं होतं. तुमच्या एका तासाचं स्वरूप बदलायचं की आहे तसंच ठेवायचं, तुमचं तुम्ही ठरवा आणि कळवा. मंडळाने शुभाताईंसह पाच जणांची समिती नेमली आणि गिरीशला तिचा प्रमुख केलं. तो इन्शुरन्स कंपनीत आकडेमोडीच्याच कामात, त्यामुळे सर्व्हे त्याच्या अंगात भिनलेला. त्याने घरटी एक ईमेल, घरटी एक फॉर्म पाठवला. एकशे बारा फॉर्म भरून आले, आणि त्यातल्या एक्क्याण्णव घरांना हवी होती बॉलिवूडची हिट गाणी, इंग्रजीत बडबडणारा एखादा तरुण निवेदक, आणि सूचना-निरोप अजिबात नकोत.

"फॉर्म कधी पाठवलास रे?" शुभाताईंनी विचारलं.

"फेब्रुवारीत."

फेब्रुवारीत! कोलंबसला लागून असलेल्या या डब्लिन उपनगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की इथल्या मराठी घरांतले आईवडील बर्फ वितळल्यावर, एप्रिलमध्ये येतात आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आत परत जातात. एअरपोर्टवर शिक्काच मुळी सहा महिन्यांचा मिळतो. फेब्रुवारीत अख्ख्या डब्लिनमध्ये शोधून एक कानटोपीवाले आजोबा सापडायचे नाहीत. डिसेंबरात मंडईत जायचं आणि आंबे कुणालाच आवडत नाहीत असा निष्कर्ष काढायचा, त्यातलाच हा प्रकार. शुभाताईंनी हे सगळं स्वच्छ शब्दांत सांगितलं. उन्हाळ्यात पुन्हा विचारा म्हणाल्या. फॉर्म म्हाताऱ्यांच्या हातात द्या म्हणाल्या.

"ताई, डेटा इज डेटा," गिरीश म्हणाला. "इमोशनल होऊ नका ना."

त्या एका शब्दाने शुभाताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या फार्मसीत नोकरी करत होत्या, रोज शंभर गोळ्या मोजून देत होत्या; मोजणं म्हणजे काय ते त्यांना याच्याकडून शिकायचं नव्हतं. पण हात वर झाले तेव्हा चार एका बाजूला आणि शुभाताईंचा एक दुसऱ्या बाजूला. मार्चचा शेवटचा शनिवार हा शुभाताईंचा शेवटचा कार्यक्रम ठरला. दुसऱ्याच दिवशी तसं पत्र स्टेशनला गेलंसुद्धा.

आता, सूचना-निरोप नकोत म्हणजे नेमकं काय नको होतं? कार्यक्रमाची शेवटची पाच मिनिटं शुभाताई 'सोबत' वाचायच्या. कुणाची आई कोणत्या तारखेला मुंबईहून निघते, कुणाचे सासरे कधी परत जातात, त्याच विमानाने आणखी कोण आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला विमान बदलताना कुणीतरी आपलं भेटावं, एवढंच. हे सुरू कसं झालं, तर शुभाताईंची स्वतःची आई पहिल्यांदा आली तेव्हा मधल्या एअरपोर्टवर तिचं पुढचं विमान चुकलं. नऊ तास ती एका खुर्चीवर बसून होती. पाणी मागता येईना म्हणून प्यायली नाही, आणि पाणी प्यायलं तर उठावं लागेल आणि बाथरूम कुठे ते विचारता येणार नाही म्हणूनही प्यायली नाही. घरी आल्यावर ती रडली नाही, फक्त म्हणाली, शुभे, मी आता परत येणार नाही. आणि ती पुन्हा आलीच नाही. तो राग शुभाताईंनी चौदा वर्षं कामाला लावला होता.

शेवटच्या शनिवारच्या आधी, बुधवारी गिरीशचा फोन आला. आवाज मऊ. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले होते, आई अकरा एप्रिलला एकटी येत होती, अॅमस्टरडॅमला विमान बदलायचं होतं. मंडळाच्या याहू ग्रुपवर त्याने लिहून पाहिलं, पण सेकंडहँड सोफा विकणाऱ्यांच्या गर्दीत ते बुडालं. एकच उत्तर आलं, तिकीट कितीला पडलं म्हणून. तर या शनिवारी ताई सोबतमध्ये वाचतील का?

"सरलाताई आता किती वर्षांच्या?" शुभाताईंनी विचारलं.

"एकाहत्तर."

"म्हणजे शून्यात आल्या."

फोन आपटावा असं शुभाताईंच्या फार मनात आलं. पण सरलाताई त्यांच्या चांगल्या ओळखीच्या. दोन उन्हाळे त्यांनी दर शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याच घरातून, त्या बेसमेंटच्या बरोबर वरच्या स्वयंपाकघरातून स्टुडिओत फोन केला होता. फर्माईश काही नसायची. आवाज स्वच्छ येतोय हो, एवढं सांगायचं आणि ठेवायचा. त्या वेळी चिरंजीव जिममध्ये असायचे. आपल्याच घरातला श्रोता ज्याला दिसला नाही, तो गावातले मोजायला निघाला होता.

"मी वाचणार नाही," शुभाताई म्हणाल्या. "तू ये, आणि तुझ्या तोंडाने सांग."

शनिवारी तो आला. हातात कागद, तोही इंग्रजीत टाइप केलेला. शुभाताईंनी कागद काढून घेतला आणि माइक त्याच्याकडे वळवला. गिरीश अडखळत बोलला. तारीख, विमान, अॅमस्टरडॅम, घरचा फोन नंबर. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच एकटी येते आहे, हे त्याने दोनदा सांगितलं. शुभाताईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून अधिकच राग आला.

चार मिनिटांत फोन वाजला. शेजारच्या वेस्टरव्हिलची दीपा. ती पोरांना घेऊन दोन दिवसांनी माहेरी पुण्याला जाणार होती आणि परतीचं विमान नेमकं अकरा तारखेचं होतं, तेच. काकूंना पुण्याच्या घरून घेऊन थेट दारात सोडते म्हणाली. फोन ठेवता ठेवता तिने सांगून टाकलं की सर्व्हेचा फॉर्म तिच्या नवऱ्याच्या ईमेलवर आला होता आणि तिला त्याने तो दाखवलाही नाही. हे सगळं रेडिओवर थेट ऐकू गेलं.

गिरीशने मोठा श्वास सोडला. "फार उपकार झाले," तो माइकमध्येच म्हणाला. "आणि ऑक्टोबरमध्ये आई परत जाईल तेव्हा..."

तो थांबला. शुभाताईंनी ती शांतता तशीच जाऊ दिली. रेडिओवर चार सेकंद म्हणजे फार होतात.

"मंडळी," मग त्या म्हणाल्या, "आजचा हा माझा शेवटचा कार्यक्रम. तसं आपल्या मंडळाने ठरवलं आहे. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांचं येणंजाणं काही थांबत नाही. आत्ता जो नंबर लिहून घेतलात, तो खोडू नका. यापुढे सोबत हवी असेल तर त्याच नंबरवर फोन करा. गिरीश सगळं बघेल."

गिरीशने तोंड उघडलं, पण माइक चालू असल्याचा लाल दिवा जळत होता आणि आत्ताच त्याने गावापुढे हात पसरला होता. शुभाताईंनी शेवटची सनई लावली.

बाहेर आल्यावर मात्र तो तडकला. मला न विचारता असं परस्पर कसं जाहीर केलंत म्हणाला. शुभाताईंनी पर्समधून सोबतच्या नोंदींची चौदा वर्षांची वही काढून त्याच्या हातात दिली आणि गाडीकडे चालू लागल्या.

गुरुवारी त्याचा फोन आला. त्याच्या घरी नऊ फोन आले होते. नागपूरचे एक आजोबा, एक गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली मावशी, कुणाकुणाच्या सासवा. नऊच्या नऊ जण पासष्टच्या पुढचे, तो म्हणाला. त्याने स्टेशनच्या मॅनेजरबाईंनाही विचारून पाहिलं होतं, पत्र मागे घेता येईल का म्हणून. त्या म्हणाल्या, तो तास नव्या निवेदकाला वर्षभरासाठी देऊन झाला, आता पुढच्या मार्चमध्ये बघू.

"मग ताई, तोपर्यंत हे..."

"मी चौदा वर्षं केलं," शुभाताई म्हणाल्या. "तुला एक झेपेल. तारीख आधी लिहायची, मग नाव."

आणि त्यांनी फोन ठेवला.