सोनमची फी भरणारी शेळी

मित्रांनो, माझा मालक, मेंढपाळ सिदू, याची दोन्ही पोरे खासगी शाळेतून निघून गावच्या झेडपीच्या शाळेत जाणार, यात सर्वांत मोठा फायदा कुणाचा होता? सिदूचा? छे! माझा. मी एक म्हातारी शेळी आहे आणि त्या इंग्रजी शाळेची फी दर जूनला मीच भरत आले आहे.

सांगोल्याकडच्या एका माळावरच्या वाडीत माझा जन्म झाला. पहिल्याच वेताला मी जुळी दिली, तेव्हा सिदूची आई राजाबाई म्हणाली, "शेरडू न्हाय, लक्ष्मी हाय ही!" मी फुगले. त्या कौतुकाचा अर्थ जूनमध्ये कळला. सिदूची सोनम टाय-बूट घालून शाळेच्या पिवळ्या गाडीत बसली आणि माझी जुळी बाजाराच्या टेम्पोत बसली. पुढे तिचा धाकटा भाऊ माउलीही त्याच गाडीने जाऊ लागला.

खोटे कशाला बोलू, अभिमान मलाही होता. संध्याकाळी सोनम इंग्रजी धडा म्हणे. सिदू तिच्यासमोर पुस्तक धरून मान डोलवी. त्याला इंग्रजीचे अक्षर कळत नसे. मलाही नसे.

यंदा मे महिन्यात झेडपीचे भारत गुरुजी दोन्ही पोरे आपल्या शाळेत घाला म्हणायला आले. पटावर दोन पोरे वाढली, तर त्यांच्या जोडीच्या बाईंची बदली टळणार होती. त्यांचाही हिशेब होताच.

सिदू ऐटीत म्हणाला, "गुरुजी, आदी आमच्या सोनमचं इंग्रजी ऐका की!"

त्याने पुस्तक समोर धरले आणि सोनमने घडाघडा अख्खे पान वाचले.

"लई झ्याक," गुरुजी म्हणाले. "पण सिदूदादा, पुस्तक उलटं धरलंय तुमी."

"व्हय की!" सिदूने जीभ चावली.

"मेंढरामागं फिरून मेंढरूच झालाय ह्यो!" राजाबाई खदखदून हसली.

गुरुजींनी मात्र पुस्तकाकडे पुन्हा पाहिले. पुस्तक उलटे होते, तर सोनम वाचत काय होती?

माझ्या तोंडातला पाला तोंडातच राहिला. गुरुजींनी पुस्तक सरळ करून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. सोनमला तो वाचता येईना. मराठीच्या पुस्तकातही ती अडली. सहा वर्षे पोर नुसते पाठ करत होती! लांडगा येऊन गेलेल्या कळपासमोर उभे राहावे, तसा सिदू उभा राहिला.

"गाडीतनं उतरवून झेडपीत? भावकी हसंल की रं," राजाबाई पुटपुटली.

तेवढ्यात सोनमच बोलली. "आप्पा, तितं मला खरंखरं वाचाय येईल?"

सिदूने डोळे पुसले. "गुरुजी, दोगांचीबी नावं घाला."

मी दाव्यासकट उडी मारली. यंदाची माझी दोन करडे वाचली होती!

पण दाखला आणायला गेलेला सिदू हात हलवत परतला. "मागली फी ऱ्हायलीया. भरल्याबिगर दाखला न्हाय म्हणत्यात."

"दाखल्याबिगर घेतो की मी," गुरुजी म्हणाले. "कायदाच हाय तसा."

"नगं. देणं ठिवून लेकरं न्हाय बसवायची. उद्या माज्या पोरीला कुनी बुडवी म्हनंल."

ती थकलेली फी भरायला रविवारी सांगोल्याच्या बाजारात माझी करडे गेली.

मित्रांनो, घरचे पोर घडाघडा बोलले, की लगेच टाळ्या वाजवू नका. जवळ बसा, बोट ठेवा, विचारा. एवढी काळजी फुकट घेता येते. न घेतल्यास किंमत भलताच कुणीतरी मोजतो.

तर एकूण हिशेब असा. शाळेला पैसे मिळाले, गुरुजींना दोन विद्यार्थी मिळाले, सिदूची इज्जत राहिली, सोनमला अक्षरे भेटू लागली. भरणारी एकटी मी. सहा वर्षांत अकरा करडे. नऊ फीपायी आणि दोन दाखल्यापायी.