शेवटच्याचा पहिला कप

मी एक जुनी, काळी, आडव्या दांड्याची सायकल आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला गिअर नाहीत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. चढ आला की माझा माणूस सीटवरून उठून पायडलवर उभा राहतो, हाच माझा गिअर.

माझा जन्म अमरावतीत नबीचाचांच्या दुकानात झाला. चाकं, चेन, हँडल सगळं कारखान्यातून पोत्यात सुटं सुटं आलं होतं. नबीचाचांनी एकेक आरा बोटानं वाजवून कसला, शेवटी पितळी घंटी बसवली आणि मला रस्त्याच्या बाजूला उभं केलं. पाटबंधारे खात्यात नुकतेच कारकून लागलेले धर्मपाल तायडे मला घेऊन गेले. रोज सकाळी ते मला फडक्यानं पुसायचे. त्यांच्या पत्नी गोदाबाई चहा घेऊन दारात यायच्या आणि म्हणायच्या, "माह्याकडं कधी एवढं निरखून पाह्यलं नाही तुमी." मला फार मजा वाटायची.

मग स्कूटर आली. मी घरामागे गेले. माझ्या हँडलला लसणाच्या जुड्या लटकू लागल्या, सीटवर मांजर झोपू लागली. सायकलीच्या आयुष्यात हे दिवस येतातच, म्हणून मी कोणावर रुसले नाही.

धर्मपाल निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. शेजारची रश्मी बँकेत नोकरीला होती आणि दर रविवारी एका सायकल मंडळाबरोबर फिरायला जायची. एकदा ती म्हणाली, "काका, घरी बसून काय करता? चला ना आमच्यासंग." धर्मपालांनी लसूण उतरवला, मांजरीला उठवलं आणि मला नवे टायर घातले.

पहिल्या रविवारी आम्ही भातकुलीच्या रस्त्याला लागलो. बाकीच्या सायकली सडपातळ आणि रंगीत. थोड्याच वेळात त्यांच्या गप्पा पुढे निघून गेल्या, मग त्यांची पाठही दिसेनाशी झाली. दोन्हीकडे तूर उभी होती आणि माझी चेन कुरकुरत होती. आता आपलं हसं होणार, असं मला वाटत होतं. धर्मपालांनाही तसंच वाटत असावं, कारण त्यांनी मूठ फार घट्ट धरली होती.

चहाच्या टपरीवर पोचलो तर सगळे नुसतेच उभे. पातेल्यात चहा उकळत होता आणि कप रिकामे होते. मंडळ चालवणारा दानियाल, ज्याचं औषधांचं दुकान आहे, पुढे आला आणि त्यानं धर्मपालांच्या हातात पहिला कप दिला.

"पह्यला कप शेवटच्याले, काका. तोवर कोणी प्यायचं नाही. आपला कायदाच हाये तसा."

मित्रांनो, कारखान्यात माझ्यावर रंगाचे हात चढवले तेव्हाही मी इतकी चमकले नसेन.

त्या दिवसापासून शेवटची जागा आमची झाली. धर्मपाल मागच्या कॅरिअरला पंप आणि पंक्चरचं सामान बांधून घ्यायचे. कोणाची बाटली पडली, कोणाच्या चाकातली हवा गेली, की पाठीमागून माझी घंटी वाजायची आणि त्या माणसाचा चेहरा खुलायचा. आम्ही मागे आहोत, म्हणून पुढचे बिनघोर पळायचे.

पुढे मंडळात अश्विन आला. विम्याचं काम करणारा, उंच, उतावळा माणूस. त्याच्या हँडलवर वेग दाखवणारं यंत्र होतं आणि त्याचा जीव त्या यंत्रात होता. एका रविवारी समोरून वारा होता, आम्हाला उशीर झाला. टपरीजवळ आलो तेव्हा अश्विनची पाठ आमच्याकडे होती.

"एका बुढ्यापायी साऱ्यायनं किती ताटकळावं? चहा आटून चालला तिकडं!"

दानियालनं त्याला डोळ्यानं दटावलं, पण शब्द पोचला होता. धर्मपालांनी कप घेतला, शांतपणे संपवला. परतताना मात्र त्यांनी घंटीला एकदाही हात लावला नाही.

पुढच्या रविवारी रश्मी बोलवायला आली तेव्हा ते म्हणाले, "गुडघा दुखून राहिला, बाई." गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. आदल्याच दिवशी ते शिडी चढून गच्चीवरची टाकी धुऊन आले होते.

मी पुन्हा घरामागे गेले. पण या वेळी मला ते सोसलं नाही. पहिल्यांदा टाकलं तेव्हा रविवार काय असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक होतं. पहाटे कोपऱ्यावरून मंडळ जायचं, घंट्या वाजायच्या, कोणीतरी मोठ्यानं हसायचं. माझ्या चाकांत हवा नव्हती, तरी वाटायचं की आपण जावं. भातकुलीचा रस्ता आठवायचा, धर्मपालांचं वजन आठवायचं. सगळ्यात जास्त आठवायची ती आमच्या वाटेकडे डोळे लावून उभी असलेली माणसं.

आणि मी एकटीच झुरत नव्हते. दर रविवारी धर्मपाल अंधारात उठून बूट घालायचे आणि मागच्या पायरीवर, माझ्याशेजारी येऊन बसायचे. शेवटची घंटी विरली की बूट काढायचे. गोदाबाईंनी एकदा विचारलंच, "घरातल्या घरात बूट कावून घालता?"

"पाय थंडे पडतात," ते म्हणाले.

असे किती रविवार गेले कोण जाणे. मग एका रविवारी दुपारी फाटकाशी अश्विन उभा. घामानं निथळत होता आणि त्याची महागडी सायकल हातात धरून आणली होती.

"पंचर झाली, काका. पायदळ आलो. मांगं कोणीच नव्हतं. पुढच्यायले फोन लावले, कोणी उचलले नाही." तो पायरीवर बसला. "तुमी गेले अन् सारंच बिघडलं. शेवटी राहाले कोणी तयार नाही. जो आधी पोचते तो चहा पेते अन् निंगून जाते." मग मान खाली घालून म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो, ते तुमी आयकलं ना?"

"मी गुडघ्यापायी येत नाही," धर्मपाल म्हणाले आणि त्याचं पंक्चर काढून दिलं.

निघताना अश्विननं माझ्याकडे पाहिलं. "काका, एका रविवारापुरती हे सायकल मले देता?"

धर्मपाल पंक्चरचं सामान आवरू लागले. गोदाबाईच आतून म्हणाल्या, "ने बाप्पा. कोणी तरी ने तिले."

त्यानं माझी चेन धुतली, ट्यूब बदलल्या आणि पाय लांब म्हणून सीट वर केली. रविवारी आम्ही सगळ्यांच्या मागे राहिलो. तो धापा टाकत होता. मला रस्ता मिळाला होता, तरी जीव मागे पायरीवरच होता. टपरीवर आधी पोचलेले लोक कप उचलणार, इतक्यात रश्मीला मी दिसले. "थांबा!" ती ओरडली. सगळे थांबले. दानियालनं पहिला कप अश्विनला दिला. अश्विननं तो खांद्यावरच्या थर्मासमध्ये ओतला, झाकण लावलं आणि मला घरी आणलं.

धर्मपाल बूट घालून पायरीवर होते. त्यांनी एक घोट घेतला.

"थंडा झाला, लेका."

"मंग तिथं या, काका. गरम तिथंच भेटते."

अश्विन गेला. धर्मपालांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

मित्रांनो, तुमच्या घरामागे माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्या चेनला दोन थेंब तेल घाला. आणि चार जण मिळून कुठे निघालात, तर पोचल्यावर लगेच चहा ओतू नका. आधी रस्त्याकडे बघा. जो अजून आलेला नाही, तो तुमच्याच भरवशावर निघालेला असतो.

संध्याकाळी धर्मपाल पाना घेऊन माझ्यापाशी आले. त्यांनी नट सैल केला, सीट खाली दाबत दाबत जुन्या खुणेवर आणली आणि नट घट्ट आवळला. गोदाबाई दारातून पाहत होत्या.

"अन् गुडघा?"

"तो बी येतो म्हनते," धर्मपाल म्हणाले.