बहुमतानं बुडालेली यमू

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात दर संक्रांतीला एक विषय असतो. २००४ साली तो होता 'शाळेत वाचलेलं आवडतं पुस्तक'. प्रत्येकी तीन मिनिटं, मग तिळगूळ, मग घरून आणलेल्या पदार्थांचं पॉटलक.

एकेकाची जाडजूड पुस्तकं ऐकता ऐकता वाटलं, यांच्या शाळांमधून पोरं मधल्या सुट्टीत डबा न उघडता तत्त्वज्ञानच उघडत असणार. गाईड वाचून पास झालेला एकही माणूस हॉलमध्ये नव्हता. इंजिनीअर मात्र खच्चून भरले होते.

माझी शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण हाताला लागेल ते वाचून. तरी मी उभी राहिले, एका लोभापायी. इतके वाचलेले लोक पुन्हा कुठे एकत्र भेटायचे?

"शाळेच्या कपाटात एक पुस्तक होतं," मी म्हटलं. "पुढचं पान नाही, मागची पानं नाहीत. नावाड्याची यमू पुरात एकटीच होडी काढते, पैलतीरी अडकलेल्या बापाला आणायला. होडी मधोमध भोवऱ्यात सापडते आणि पुस्तक संपतं. इतकी वर्षं जीव टांगणीला लागलाय. कुणाला माहितेय, ती पोचली का?"

"ऑफ कोर्स, काकू!" गिरीश म्हणाला. "बुडते ती. तीच तर त्यातली गंमत."

"काहीतरीच! पोचते," रेणू म्हणाली. "बापच गेलेला असतो. कसली रडले होते मी, यार!"

"ते सगळं स्वप्न असतं," संजय म्हणाला. "फार डीप आहे."

"लेखक कोण हो?" मी विचारलं. तिघंही तिळगुळाच्या ताटाकडे बघायला लागले.

"वाद नको, उंधियू गार होतोय," आमच्या अध्यक्ष शैलजाताई म्हणाल्या. पिकनिकची तारीख असो की गणपतीचा प्रसाद, मंडळात सगळं मतदानानंच ठरतं. "बुडाली म्हणणारे हात वर करा."

बहुमतानं यमू बुडाली. टाळ्यासुद्धा वाजल्या.

गाडीनं घरी निघालो. बाहेर बर्फ भुरभुरत होता.

"अहो, इतकी वर्षं मी तिला बुडू दिलं नव्हतं," मी म्हटलं. "यांनी जेवायच्या घाईत बुडवली."

"मी नाही हात वर केला," पुरुषोत्तम म्हणाले.

"का?"

"मी कुठे वाचलंय? मी गाईडवाला." मग म्हणाले, "होडीत पाणी शिरलं होतं?"

"नाही. नुसती फिरत होती."

"मग बुडाली कशी म्हणतात हे? वल्हं होतं ना हातात?"

"होतं."

"मग झालं तर!"

"अहो, आपली एक्झिट गेली!"

"जाऊ दे. पुढची घेऊ. तू पहिल्यापासून सांग. होडी कुणाची होती?"